गोव्याच्या दमट हवेत बोर्डांना स्टॅटिकचा धोका खरोखर नाही का?

म्हापशाहून (मूळ लेखन): गोव्यात हवा दमट असते, त्यामुळे स्टॅटिकची, म्हणजे घर्षणाने साठणाऱ्या विजेच्या प्रभाराची, धास्ती कोरड्या प्रदेशांतल्या लोकांनी घ्यावी. सुटे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून साध्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले तरी पुरते. स्टॅटिकपासून वाचवायला विकल्या जाणाऱ्या चंदेरी पिशव्या म्हणजे निव्वळ पैसे काढण्याचा धंदा आहे.

वेर्ण्याहून: हे वाचून गप्प बसवत नाही. दमट हवेत प्रभार कमी साठतो हे खरे, पण तो साठतच नाही असे मुळीच नाही. शिवाय आपण बोर्ड हाताळतो ते दिवसभर एसी चालणाऱ्या खोल्यांत, जिथली हवा बाहेर पाऊस कोसळत असतानाही बरीच कोरडी असते. बोटाला झटका जाणवायला साधारण 3000 व्होल्ट लागतात आणि काही आयसी (बोर्डावरच्या चिप) 100 व्होल्टच्या आसपासही बिघडतात, तेव्हा ‘मला कधी झटका बसला नाही’ हा पुरावाच होत नाही. घाव बसलेली आयसी त्याच दिवशी जाते असेही नाही. ती तपासणीत नीट चालते, काही महिन्यांनी गिऱ्हाईकाच्या घरी दगा देते आणि बोल दुरुस्ती करणाऱ्याला लागतो. स्टॅटिक साठू न देणाऱ्या प्लास्टिकच्या गुलाबी पिशवीवर विसंबणारेही फसतात, कारण ती स्वतः प्रभार धरत नसली तरी बाहेरचा झटका अडवत नाही, आणि तिच्यातल्या रसायनाचा गुण काळानुसार ओसरतो. धातूचा थर असलेली चंदेरी पिशवीच, तीही तोंड बंद केलेली, फॅराडे पिंजऱ्याचे, म्हणजे बाहेरची वीज आत न येऊ देणाऱ्या धातूच्या कवचाचे, काम करते.

म्हापशाहून: माझ्या दुकानात वर्तमानपत्रातले बोर्ड वर्षानुवर्षे टिकले आहेत. आपण पिशव्या विकता काय?

वेर्ण्याहून: माझा पिशव्यांच्या विक्रीशी काडीचाही संबंध नाही. हा आरोप आपण मागे घ्यावा.

फोंड्याहून: आपण दोघे भांडता आहात, पण आपल्याकडे बोर्ड खातो तो खारा वारा. मिरामारच्या किनाऱ्यालगतच्या घरातून माझ्याकडे एसीचा एक बोर्ड आला होता. कनेक्टरच्या पिनांवर खरखरीत हिरवट थर चढला होता आणि नख लावताच एक पीन तुटून हातात आली. वर्तमानपत्र ओल धरून ठेवते, आणि पावसाळ्यात पिशवी बंद केली की ओलही आतच कोंडते. याविषयी कोणी बोलतच नाही!

वेर्ण्याहून: हा मुद्दा बिनतोड आहे. नेहमीच्या चंदेरी पिशवीतून बाष्प हळूहळू आत शिरते. ते रोखायचे तर बाष्प अडवणारी जाड मॉइश्चर बॅरियर पिशवी घेऊन, आत सिलिका जेल टाकून ती उष्णतेने सील करावी. वेळ राखणारा छोटा सेल बसवलेला बोर्ड मात्र काळ्या कंडक्टिव्ह (वीजवाहक) फोमवर दाबून ठेवू नये, कारण फोममधून वाट मिळून सेल उतरतो.

म्हापशाहून: आरोप मागे घेतो. वर्तमानपत्रही सोडतो, पण ओलीमुळे, स्टॅटिकमुळे नव्हे. एसीच्या खोलीपुरते आपले म्हणणे चालेल. पंख्याखालच्या माझ्या दुकानाला ते लावू नये.

वेर्ण्याहून: पंख्याखालीही थर्माकोलच्या खोक्यातून बोर्ड सरकवत काढला की प्रभार तयार होतोच. निदान थर्माकोल तरी टेबलावरून हटवा, बोर्ड कडांनी धरा आणि पिशवी उघडण्यापूर्वी अर्थिंग केलेल्या धातूला हात लावा. याला पैसे पडत नाहीत.