जुन्या गोव्यातल्या चर्चचे फोटो : कुठे आणि किती वाजता उभं राहावं?

फोंडेकरीण

नमस्कार. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझी मामेबहीण पुण्याहून येतेय. ती वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जुन्या गोव्यातली चर्च आणि पणजीतली जुनी घरं तिला नीट बघायची आणि टिपायची आहेत. हातात दोन दिवस आहेत. कॅमेरा मिररलेस, सोबत किट लेन्स आणि एक १६ मिमीची वाइड.

फोंडा-पणजी बसच्या खिडकीतून हे सगळं लहानपणापासून दिसतंय, पण कुठल्या इमारतीवर ऊन कधी येतं ते कधी पाहिलेलं नाही. ट्रायपॉड चालतो का? वाइडने मनोरे मागे कलतात, त्याला काय करावं? आणि फोंतेनासमध्ये, म्हणजे पणजीच्या जुन्या घरांच्या वाड्यात, लोक फोटोवाल्यांना वैतागलेत म्हणतात, ते खरं का?

रायबंदरचा_चिरा

ताई, मी रायबंदरला राहतो आणि सवड मिळाली की कॅमेरा घेऊन जुन्या गोव्यात असतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कुठल्या चर्चचं तोंड कुठे आहे ते बघा. से कॅथेड्रल पूर्वाभिमुख, म्हणून तिथे सकाळी. बॉम जेझूस बासिलिका आणि असिसीचं सेंट फ्रान्सिस चर्च पश्चिमाभिमुख, तिथे दुपारी तीननंतर. सकाळी नऊला बॉम जेझूससमोर उभे राहिलात तर दर्शनी भाग काळा आणि मागचं आकाश पांढरं, एवढंच हाती लागेल. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे से कॅथेड्रलची लांबलचक दक्षिण भिंत जवळजवळ दिवसभर उजेडात असते. ती कुणी टिपत नाही. सगळे समोरूनच घेतात, आणि समोर एकच मनोरा. दुसरा १७७६ मध्ये कोसळला. उरलेल्या मनोऱ्यात प्रसिद्ध घंटा आहे, तिच्या नादामुळे तिला 'सोन्याची घंटा' म्हणतात. चर्चचं काम १५६२ ला सुरू झालं, १६१९ ला इमारत पुरी झाली. एवढ्या लांबीरुंदीचा अंदाज बाजूनेच येतो.

मनोरे कलतात ते कॅमेरा वर उचलल्यामुळे. कॅमेरा सपाट धरा, हिरवळीवर मागे मागे सरका, खाली आलेलं जादा गवत घरी गेल्यावर फोटोतून कापा. १६ मिमीपेक्षा किट लेन्सच जास्त कामाला येईल.

ट्रायपॉड विसरा. ही पुरातत्त्व सर्वेक्षणाची संरक्षित स्मारकं आहेत, त्याला आधी परवानगी लागते. आत फोटोचे नियम दारावरच्या फलकावर असतात, ते वाचूनच आत जा. मिसा (प्रार्थना) चालू असेल तर कॅमेरा पिशवीत. रविवारी सकाळ टाळा.

आता मला खरं सांगायचंय ते. बहिणीला बॉम जेझूसच्या भिंतींजवळ न्या. जुन्या गोव्यात मोठी चर्च सगळी पांढरी, हे एकटं लाल-काळं. बांधलं तेव्हा यालाही गिलावा होता. १९५० च्या दशकात तो उतरवला आणि चिरा, म्हणजे जांभा दगड, उघडा पडला. चिरा पाणी पितो. आपल्या पावसात उघड्या चिऱ्याचं काय होतं ते घर बांधलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गिलावा परत चढवावा की नाही यावर गोव्यात वाद आहे. चढवावा, असं माझं ठाम मत. लोकांना लाल रंगाचं प्रेम आहे हे मी समजतो, पण १६०५ मध्ये पवित्र केलेली भिंत आपल्या डोळ्यांदेखत झिजू द्यायची का? दर्शनी भागातलं बारीक कोरीव काम काळ्या बेसॉल्टचं, तो दगड वसईहून आणलेला. तो कसा टिकलाय आणि शेजारचा चिरा कसा खरवडलाय, हे तिरप्या उन्हात स्पष्ट दिसतं. वास्तुकलेच्या विद्यार्थिनीने हे टिपावं. पुन्हा आली की त्याच जागेवरून परत टिपावं. असे जोडफोटो पुढे जतनाच्या कामाला येतात. आतल्या संत फ्रान्सिस झेवियरच्या समाधीचे फोटो हजारो आहेत, या भिंतीचे फार कमी.

वेळ उरला तर सेंट ऑगस्टीनचा पडका मनोरा. तोही चिऱ्याचाच, ४६ मीटर उंच. चर्चचं छत १८४२ मध्ये कोसळलं. तिथली घंटा आज पणजीच्या चर्चमध्ये वाजते.

नार्वेकर_७

वरच्यांशी सहमत, गिलाव्याबद्दल मात्र नाही. सत्तरेक वर्षं लोकांनी जे रूप पाहिलं तेही आता इतिहासच आहे.

व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली उतरलं की दिवाडी बेटाची फेरीबोट मिळते. बोट मध्ये आली की मागे वळून बघा, माडांवर सेंट कायतानचा घुमट दिसतो, रोममधल्या सेंट पीटरच्या धर्तीचा. दिवाडी ओलांडून दुसऱ्या फेरीने आमच्या नार्व्याला या. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडीवर होतं. पोर्तुगीजांनी ते पाडलं, देव नार्व्याला आला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला. घुमट आणि दीपस्तंभ जरूर बघा. सकाळी चर्च आणि संध्याकाळी हे देऊळ पाहिलं तर गोव्यातले गवंडी दोन्हीकडून काय काय घेत होते ते बहिणीला आपोआप कळेल.

मळ्यातली

फोंतेनासबद्दल मी सांगते, कारण घर तिथून दोन गल्ल्यांवर आहे. हो, लोक वैतागलेत आणि त्यांचं बरोबर आहे. पायऱ्यांवर बसून, दाराची कडी धरून, कपडे बदलून फोटो काढतात. आत म्हातारी माणसं झोपलेली असतात. रस्त्यावरून गल्ली टिपा, कुणाची हरकत नाही. बाल्कांवात (दारापुढच्या ओट्यावर) पाऊल ठेवायचं तर विचारा. "नको" म्हटलं तर हसून पुढे जा. सकाळी साडेसात-आठला या, गाड्या कमी असतात. सेंट सेबॅस्टियनचं कपेल (छोटं चर्च) उघडं असेल तर आतला क्रूस बघा. ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत, आणि तो क्रूस इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातून आलेला आहे.

फोंडेकरीण

सगळ्यांचे आभार. पहिल्या दिवशी सकाळी से कॅथेड्रल, मग फेरीने दिवाडी, दुपारी परत येऊन बॉम जेझूस. नार्वे दुसऱ्या दिवशी, फोंतेनासनंतर. ३ तारखेच्या झेवियरच्या फेस्ताचे (उत्सवाचे) मांडव तोवर निघालेले असतात का?

रायबंदरचा_चिरा

लगेच सगळे निघत नाहीत. मांडव आड आले तर दर्शनी भाग सोडा आणि भिंतींच्या जवळून काढा. आणि ८ तारखेला पणजीच्या चर्चचं फेस्त असतं, त्या दिवशी पणजीत गाडी आणू नका, बसने या.