घाटावर खडूने थ्रीडी समई काढायची आहे

पंचवटीकर: पाडव्याला गोदाघाटाजवळच्या काँक्रीटवर मीटरभर उंच समई उभी दिसेल असं चित्र काढायचंय. त्यासाठी चित्र जमिनीवर किती लांब ताणायचं? शाळेचे खडू चालतील?

रेघोट्या: आधी बघणाऱ्याची जागा पक्की करा. डोळा १.५ मीटरवर, समईचा बुडखा बघणाऱ्यापासून २ मीटर दूर धरला, तर सूत्र असं: अंतर × डोळ्याची उंची ÷ (डोळ्याची उंची − वस्तूची उंची). २ × १.५ ÷ ०.५ = ६, म्हणजे शेंडा बघणाऱ्यापासून ६ मीटरवर. बुडखा २ वर, म्हणून समई जमिनीवर ४ मीटर लांब, आणि शेंड्याशी रुंदी तिप्पट. हेच बहुतेक जण विसरतात, मग समई वर निमुळती दिसते. मोबाइल स्टँडवर १.५ मीटरलाच लावा आणि प्रत्येक रेघ त्यातूनच तपासा.

खडूभुकटी: शाळेचा खडू फक्त आखणीला. तो जिप्समचा, त्यात रंग नावापुरता. भरायला सॉफ्ट पेस्टल (भुकटीसारख्या मऊ रंगकांड्या) घ्या. ऑइल पेस्टल नको, उन्हात चिकट होतं. आदल्या दिवशी जागा धुऊन पूर्ण वाळू द्या. पोस्टर कलरचा पातळ हात आधी दिला की पेस्टल निम्मं लागतं. डांबर मात्र टाळा, खडू नुसता खातं. झाकायला प्लास्टिक टाकलंत तर आतून दव धरतं.

जुनाखडू: इटलीतल्या मादोन्नारींची, म्हणजे रस्त्यावर खडूने चित्रं काढणाऱ्यांची, ही कला. १९७३ पासून ग्रात्सिए गावी त्यांचा मेळा भरतो. थ्रीडीचं वेड कर्ट वेनर या अमेरिकन चित्रकाराने १९८० च्या दशकात लावलं.

रेघोट्या: आणि शेंड्याकडून सुरुवात करा, नाहीतर स्वतःच्याच गुडघ्यांनी पुसाल.