मदत हवी: गॅसवरची ओम्नी, टॅपेटचा आवाज बंद झाला पण मिसिंग (सिलिंडर मधूनच न पेटणं) सुरू

आर्वीकर:
ओम्नी, 796 सीसी, कार्ब्युरेटर, एलपीजी किट. सकाळी स्टार्टिंगला त्रास, स्लो रनिंगला हलते, तापली की बरी चालते. प्लग, वायर, पॉइंट नवे आहेत. आधी टॅपेट वाजायचे, आता एकदम चूप. फिलर गेज (गॅप मोजायच्या पट्ट्या) आणलंय. टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर) कसं धरायचं? गॅप (रॉकरचा स्क्रू आणि व्हॉल्व्हमधली फट) किती?

पुसदवाला:
भाऊ, वाजणाऱ्या टॅपेटपेक्षा चूप टॅपेटची काळजी करा. गॅसवर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट (व्हॉल्व्ह बसतो ती कडी) खचते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप खाऊन टाकतो. मग व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, त्याची उष्णता सीटमध्ये उतरत नाही, कड जळते. हेड (इंजिनचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) ॲल्युमिनियमचं, तापलं की गॅप थोडी वाढते. गरम झाल्यावर गाडी सुधारते ती त्यामुळेच असावी.

आकडा सर्व्हिस पुस्तिकेतलाच घ्या. थंड आणि गरम वेगळे असतात, थंडचा पकडा. मे महिन्यात आपल्याकडे संध्याकाळी इंजिन कोमटच असतं, म्हणून पहाटे मोजा.

पुढची बसायची सीट उचला, टॅपेट कव्हर काढा, तिन्ही प्लग काढा म्हणजे क्रँक हातपान्यानं फिरतो. पुलीवर खडूनं तीन समान भाग करा. टायमिंगची खूण जुळवा, डिस्ट्रिब्युटरचा रोटर 1 नंबरच्या वायरकडे हवा आणि 1 नंबर सिलिंडरचे दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) ढिले. रोटर उलट्या बाजूला असेल तर क्रँकचा एक पूर्ण फेरा द्या. हे दोन व्हॉल्व्ह झाले की पुली दोन भाग पुढे: 3 नंबर. आणखी दोन भाग: 2 नंबर. फायरिंग ऑर्डर 1-3-2 आहे. फिरवायचं इंजिनच्याच दिशेनं.

पट्टी किंचित अडकत सरकली पाहिजे, पुढच्या मापाची शिरायला नको. लॉकनट आवळताना स्क्रू हमखास फिरतो. पेचकसानं धरून ठेवा आणि आवळल्यावर परत मोजा.

धामणगावचा:
स्क्रूचं टोक आधी पाहा. त्यात खड्डा पडला असेल तर पट्टी खड्ड्याच्या काठांवर टेकते, खरी गॅप मात्र जास्त असते. असा स्क्रू बदलाच.

आर्वीकर:
मोजलं. 2 नंबरच्या एक्झॉस्टमध्ये 0.05 ची पट्टीही जात नाही. बाकीचे ठीक. सेट करून कव्हर लावून टाकू?

पुसदवाला:
सेट करा, पण कव्हर लावण्याआधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) घ्या. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, तिन्ही प्लग काढलेले, बॅटरी चार्ज, इग्निशनची वायर काढलेली. 2 नंबर बाकी दोघांपेक्षा बराच कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत घ्या. वाढला तर पिस्टनच्या रिंगचा दोष. जैसे थे राहिला तर व्हॉल्व्हचा संशय पक्का, मग हेड उतरवा. उतरवलंच तर लेथवाल्याला तिन्ही एक्झॉस्ट सीट दाखवा; खचलेल्या सीटवर नुसता नवा व्हॉल्व्ह घासून बसवला तर गॅप पुन्हा संपते.

कव्हरचं पॅकिंग कडक झालं असेल तर नवं टाका. बोल्ट हलकेच, आलटून पालटून आवळा. जास्त ओढले की कव्हर वाकतं आणि ऑइल गळतं.