स्वर नसलेले पाच अक्षरी शब्द

ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही स्वर नसलेले पाच अक्षरी इंग्रजी शब्द लक्षात ठेवायला ‘यादी पाठ करा’ असं सांगतात; ही सूचना मला अर्धीच पटली. यादी लहान आहे, पण या शब्दांत स्वराचं काम करणारा वाय (Y) कुठे बसतो हे लक्षात ठेवलं तर पाठांतर फारसं लागत नाही. वाय दुसरा असेल तर निम्फ (वनदेवता, टोळ-ढेकणांची अपूर्ण वाढीची अवस्थाही), लिम्फ (लसिका), सिल्फ (सडपातळ, डौलदार तरुणी) आणि मर (बोळ, म्हणजे सुगंधी डिंक). मरच्या स्पेलिंगमध्ये एम-वाय नंतर दोन आर आणि एच येतात, लोक नेमके तिथेच चुकतात. वाय मधोमध असेल तर क्रिप्ट (चर्चखालचं तळघर), ट्रिस्ट (प्रेमिकांची ठरवून केलेली भेट), ग्लिफ (कोरीव चिन्ह).

वर्डलमध्ये (पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा ऑनलाइन खेळ) पाचही स्वर बाद झाले की आधी निम्फ, मग क्रिप्ट टाकावा. दोन डावांत सात व्यंजनं तपासून होतात. पिग्मी मात्र घाईने टाकू नका. त्यात वाय दोनदा आहे. उत्तरात एकच असेल तर एक हिरवा (जागा बरोबर) किंवा पिवळा (अक्षर आहे, जागा चुकीची) होतो आणि दुसरा राखाडी, म्हणजे एरवी ‘हे अक्षर नाही’ सांगणारा रंग. तो राखाडी बघून बरेच जण वायच खोडून टाकतात!