तुमचा कान कुणी तयार केला? सांगली-मिरजेतले अनुभव लिहा

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ च्या वर गेलेलं. गावभागातल्या आमच्या घरातलं पाणी ओसरल्यावर चिखलातून आजीची बाजाची पेटी बाहेर काढली. भाता फाटला होता, पट्ट्या फुगून एकमेकींत अडकल्या होत्या. पेटी दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे नेली, तर त्यांच्या दारात आधीच ओळीनं पेट्या, तबले, डग्गे. लोक नुसते उभे होते, कुणी दर विचारत नव्हतं.

काकांनी पेटी खोलली, एकेक सूर, म्हणजे आवाज देणारी पितळी पट्टी, सोडवून ब्रशनं धुतला आणि वर्तमानपत्रावर क्रमानं मांडला. "लाकूड गेलं," म्हणाले, "पण सूर पितळेचे आहेत, ते राहतील. फक्त आता ते आपल्या जागेवर नाहीत." मग बारीक कानस घेऊन बसले. सुरातल्या हलणाऱ्या जिभलीच्या टोकाकडं घासलं की सूर चढतो, मुळाकडं घासलं की उतरतो. घासायचं किती, तर आपल्याला दिसणारसुद्धा नाही इतकं. दोन सूर एकदम वाजवून मला विचारायचे, "हेलकावा ऐकू येतोय?" मला येत नव्हता. तिसऱ्या दुपारी आला. दोन सूर अगदी जवळ असले, पण जुळलेले नसले, की आवाज झोका घेतल्यासारखा हलतो. काका घासत गेले तसा झोका संथ होत गेला आणि एका क्षणी थांबला. सात वर्षं शिकवणीला जाऊन मला जे समजलं नव्हतं ते त्या दारात समजलं.

म्हणून हा धागा. सांगली-मिरजेत गाणारे, वाजवणारे, वाद्यं बनवणारे, ऐकून त्यावर लिहिणारे, अशा कुणाशी झालेलं एखादं बोलणं लिहा, ज्यानं तुमचं ऐकणं बदललं. शास्त्रीयच हवं असं अजिबात नाही. माणसांची नावं मात्र घालू नका, घरगुती बोलणी आहेत.

मिरज, निवृत्त शिक्षिका

मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसातली संगीत सभा मी लग्न होऊन मिरजेत आल्यापासून ऐकते. थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेब कैरान्याचे, पण १९३७ साली दक्षिणेत रेल्वेप्रवासात गेले आणि त्यांना आणलं ते मिरजेलाच. कबर दर्ग्याच्या आवारातच आहे. ते चिंचेच्या झाडाखाली बसून गायचे, म्हणून आजही गवई तिथं हजेरी लावायला येतात. हजेरी हाच शब्द. कार्यक्रम कुणी म्हणत नाही.

एका वर्षी माझ्या शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा बसले होते. गॅंगमन होते. पहाटेचे तीन वाजले असतील. आलाप चालू असताना ते मांडीवर एक बोट सरकवत होते. मी विचारलं, राग कोणता हो? म्हणाले, "नाव नाही येत बाई मला. हा आता कुठं जाऊन टेकणार, ते मात्र कळतं." आणि खरोखर, गवई टेकायच्या जरा आधीच त्यांचं बोट थांबायचं. दोनदा चुकलं. दोन्ही वेळा आजोबांचा चेहरा असा काही फुलला! "बघा, फसवलं की नाही मला!"

मी गाण्याच्या परीक्षा दिल्या आहेत. वादी-संवादी, आरोह-अवरोह सगळं पाठ होतं. गवई कुठं टेकणार याची वाट बघत ऐकायचं असतं, हे मला त्या रात्रीपर्यंत कुणी सांगितलेलं नव्हतं.

तासगाव तालुका, शेती

आमचं आजोळ कवलापूर. काळू-बाळूचा तमाशा ज्या गावचा, ते. गावात एक ढोलकीवाले मामा होते. हात थकल्यावर दुकान घालून बसलेले. मी कॉलेजात असताना त्यांच्या फळीवर तासन्‌तास बसायचो.

मामा सांगायचे, पावसाळी हवेत काळ्या शाईच्या बाजूचा सूर उतरतो, मग बारीच्या, म्हणजे खेळाच्या, आधी शेगडीवर धरून ऊब द्यायची. धुमाच्या, म्हणजे घुमणाऱ्या, बाजूला मसाला आतनं लावलेला असतो, त्याला सारखं जपायचं. हे सगळं सांगून झाल्यावर एकदा म्हणाले, "खरं काम येगळंच हाय. कान चाळाकडं आन डोळं नाचणारीच्या पायाकडं. पाय जड पडाय लागला की समजायचं, दमली. मग दोन आवर्तनं म्या एकलाच वाजवायचो, तिला दम घेऊ द्यायचा. पब्लिकला वाटायचं ढोलकीवाला रंगात आला. शिट्ट्या पडायच्या."

तमाशातले गण, गवळण, बतावणी, वग मी लहानपणापासून बघितले होते. या बोलण्यानंतर पहिल्यांदा जत्रेत गेलो तेव्हा नाचणारीच्या पायाकडं बघितलं. ढोलकी एकटी सुटली की आता मला शिट्टी मारवत नाही, मी तिच्या श्वासाकडं बघतो.

शाहीर पठ्ठे बापूराव आपल्याच वाळवा तालुक्यातले, रेठरे हरणाक्षचे, हेही मामांकडूनच कळलं. शाळेत पुस्तकात धडे बरेच होते, त्यात हे नव्हतं.

सांगली, पूर्वी वार्ताहर

माझा अनुभव लिहिणाऱ्याचा आहे. नोकरीच्या सुरुवातीला मला गाण्याच्या कार्यक्रमांच्या बातम्या करायला लावलं. मी लिहायचो, 'सुरेल गायनाने रसिक मंत्रमुग्ध'. कार्यक्रम कुणाचाही असो, वाक्य तेच. गावात एक ज्येष्ठ समीक्षक होते, अनेक वर्षं स्तंभ लिहिणारे. एका मध्यंतरात चहाच्या टपरीवर त्यांनी मला विचारलं, "काल तू लिहिलंस ते वाचलं. गायला काय?"

मला सांगता आलं नाही.

रागावले नाहीत. म्हणाले, राग, ताल, साथीला कोण, बंदिश किती वेळ चालली, एवढं आधी टिपून ठेव. मग एक जागा शोध, जिथं तुझं अंग हललं. ती कुठं आली, तिच्या आधी काय झालं, ते लिही. आणि तशी जागा सापडली नाही तर नाही सापडली म्हणून लिही. त्याच रात्री लिहायचं नाही, असा त्यांचा स्वतःचा नेम होता. रात्री टाळ्या कानात असतात म्हणायचे. सकाळी जे उरलंय तेवढ्यावरच लिहायचं.

त्यांनीच मला संगीतज्ञ प्रा. बी. आर. देवधरांचं लेखन वाचायला लावलं. देवधर १९०१ मध्ये मिरजेत जन्मले, पुढं मुंबईत गेले. थोर गायकांना त्यांनी जवळून पाहिलं होतं. तरी लिहिताना भारावून हात जोडले आहेत असं होत नाही. आवाज कसा लागायचा, रियाज कसा करायचे, कुठं अडायचे, सगळं येतं. आदर ठेवूनही नीट बघता येतं, हे मी तिथं शिकलो. आज आपल्याकडच्या दैनिकांत गाण्यावर चार ओळीसुद्धा येत नाहीत, फक्त सत्काराचा फोटो येतो, याचं मला फार वाईट वाटतं. ज्या गावात ऐकणारे इतके, तिथं लिहिणारे असायलाच हवेत.

हरिपूर

थोडक्यात लिहिते. हरिपूर म्हणजे कृष्णा-वारणेचा संगम आणि नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं गाव. आमच्या ओळखीचे एक ऑर्गनवाले आजोबा होते, नाटकाच्या पदांना साथ करायचे. मी पद म्हटलं की विचारायचे, "हे तू कुणाला सांगतीयस?" तान चांगली झाली तरी हाच प्रश्न. पद म्हणताना समोर कुणीतरी उभं आहे असं धरून म्हणायला लागले, तेव्हा माझ्या निम्म्या ताना आपोआप गळून पडल्या.

मिरज, वाद्यं बनवणाऱ्या घरातली मुलगी

वर पेटीचं वाचून लिहावंसं वाटलं. आमचे पूर्वज शिकलगार. तलवारींना धार लावणारे. तलवारींचं काम संपत आलं तेव्हा फरीदसाहेब शिकलगार सतारी-तंबोऱ्यांकडे वळले आणि तिथून आमची गल्ली झाली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पेढे वाटले आम्ही.

माझे आजोबा गिऱ्हाईकाला आधी वाद्य दाखवायचेच नाहीत. म्हणायचे, "बोला जरा." गाणारा पाच मिनिटं काहीही बोलला की त्याच्या आवाजावरून ठरवायचे की आतला कुठला तंबोरा काढायचा. जनानी-मर्दानी एवढ्यावर भागत नाही, एकाच पट्टीतले दोन आवाजसुद्धा वेगळे असतात. आता फोनवरून ऑर्डर येते, पट्टी सांगतात आणि पैसे पाठवतात. मी तरी फोनवर बोलत ठेवते त्यांना.

आटपाडी, सध्या सांगलीत शिकायला

मी रॅप करतो, आमच्या माणदेशी बोलीत. आरेवाडीला बिरोबाच्या जत्रेत धनगरी ओव्या ऐकायला गेलो होतो. एका म्हाताऱ्या ओवीवाल्यांना मी मोबाईलवर माझं ऐकवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. म्हणाले, "बोल चांगलं हायती. पर तू एकलाच पळतूयास. तुझ्यामागं धरनारं कोन हाय?" मग त्यांनी दाखवलं, सुंबरान मांडणारा, म्हणजे देवाचं स्मरण करून ओवी सुरू करणारा, ओळ टाकतो आणि मागची माणसं ती उचलतात. त्या उचलण्याच्या वेळात पुढची ओळ डोक्यात तयार होते. आता माझ्यामागं हॉस्टेलची दोन पोरं ओळ धरतात. गाणं लिहितानाच त्यांच्यासाठी जागा सोडतो.

जत तालुका

आम्ही मिरजेला गेलो ते वडिलांच्या आजारपणासाठी. आपल्याकडं सगळे तिथंच जातात. अठरा दिवस होतो. संध्याकाळी भाऊ बसायचा तेव्हा मी बाहेर पडायचो. एकदा असाच चालत वाद्यांच्या दुकानांच्या गल्लीत शिरलो आणि एका दारात उभा राहिलो. आत छताला भोपळे टांगलेले, खाली एक चाचा तंबोऱ्याच्या घोडीवर, तारा जिच्यावर टेकतात तिच्यावर, वाकलेले. त्यांनी वर न बघताच विचारलं, "वेळ आहे का? या, बसा. तारा छेडत राहा."

मला काही येत नव्हतं. त्यांनी बोटं धरून दाखवलं. पंचम, दोन जोड, खर्ज, अशा चार तारा. घाई नाही. मी छेडत राहिलो आणि ते जवारी लावत, म्हणजे तारेची गुंज जमवत, राहिले. घोडीचा माथा कानशीनं किंचित घासायचा, तार बसवायची, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, ऐकायचं, पुन्हा तार काढायची. दीड तास. आधी तार नुसती टणटण वाजत होती. मग दोरा एका जागी आला आणि तोच आवाज एकदम उघडला, एका तारेतून अनेक आवाज यायला लागले. माझे हात थांबले. "थांबू नका," चाचा म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही गेलो. त्या दिवशी मोबाईलवर थोडं रेकॉर्ड करून वडिलांना ऐकवलं. वडील आयुष्यभर भजनात पेटी वाजवत आले. ऑपरेशननंतर चार दिवस ते फारसं बोललेच नव्हते. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "जोडीत अजून हेलकावा हाय. सांग त्यांला."

मी सांगितलं. चाचांनी फोन कानाला लावून ऐकलं, दुसऱ्या जोडीच्या तारेतला मणी नखाएवढा खाली सरकवला आणि म्हणाले, "छेडा. परत रेकॉर्ड करा आणि नेऊन ऐकवा त्यांना."