मुलीला स्टेन्सिल शिकवायचंय, पण रंग पसरतोय
मुंबईत वांद्र्याच्या चॅपल रोडवरची भित्तीचित्रं बघून आल्यापासून माझ्या ८ वर्षांच्या लेकीला स्टेन्सिल (कागदात आकार कापून त्यातून रंग उमटवणं) करायचंय, पण रंग कागदाखाली जातो आणि सगळं फरकाटतं, काय करू?

रंगवेडी: ॲक्रिलिकमध्ये पाणी अजिबात नको. स्पंज बुडवला की आधी रद्दीवर टिपा, मग नुसतं हलकं ठोकत जायचं, घासायचं नाही. कागदाऐवजी जुनी एक्सरे फिल्म घ्या, कटर मात्र तुम्हीच चालवा.

अंगणवाला: आणि 'व' कापला की पोटातला तुकडा गळून पडतो, तिथे बारीक पूल, म्हणजे न कापलेली पट्टी, ठेवावा लागतो, भाच्याला हे चुकूनच कळलं, केवढा खूश झाला! पॅरिसचे भित्तीचित्रकार ब्लेक ल रा यांनी १९८१ पासून भिंतींवर उंदीर असेच छापले, तेही सांगा तिला.

प्रश्नकर्ती: रद्दीवर टिपलं, मांजराच्या मिशासुद्धा स्वच्छ उमटल्या!! थँक्यू