पावसाआधी चर्चने काय करावं: हॉल की यादी?

माडाची_झावळी (धागाकर्ता):

वसईच्या धर्मग्रामांत (एकेका चर्चच्या पॅरिशमध्ये) मे महिन्यात हा विषय हमखास निघतो. कौन्सिलच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, "पूर आला तर आपला हॉल उघडा ठेवू." सगळे माना डोलावतात, चहा होतो आणि तयारी झाली असं धरून माणसं घरी जातात. माझं म्हणणं असं की हॉलचा विचार सगळ्यात शेवटी करा. आधी यादी करा, पुरात मदत लागेल अशा घरांची.

हॉलचा हिशेब मांडून बघा. निवाऱ्यासाठी जगभर धरलं जाणारं माप माणशी साडेतीन चौरस मीटर आहे. २० बाय १२ मीटरचा हॉल म्हणजे २४० चौरस मीटर. स्टेज, ये-जा करायची वाट, सामानाचा कोपरा वजा केला की उरतात साठ माणसं. लग्नाला चारशे खुर्च्या लागतात म्हणून चारशे माणसं राहतील हा गोड गैरसमज आहे. खुर्चीवर माणूस तीन तास बसतो, तीन रात्री झोपत नाही. पाणी माणशी रोज १५ लिटर, म्हणजे साठ जणांना ९००. गच्चीवरची दोन हजार लिटरची टाकी दोन दिवस पुरेल, पण वीज गेल्यावर ती भरायची कशी? संडास वीस माणसांमागे एक हवा, आणि सेप्टिक टँक पाण्याखाली गेला की तळमजल्याचे संडास उलटे उसळतात. मग हॉलची फरशी कोरडी असूनही माणसं दुसरीकडे न्यावी लागतात.

यादी मात्र अर्धी तयारच असते. पहिल्या शुक्रवारी ज्या आजाऱ्यांना घरी कम्युनियन (मिस्सातला प्रसाद) नेलं जातं त्यांची वही असते, नावं आणि आळ्या तर नेणाऱ्यांना तोंडपाठ असतात. त्या वहीत चार रकाने वाढवा: वरचा मजला आहे का, ऑक्सिजन-इन्सुलिन-डायलिसिस यांपैकी काय, रात्री सोबतीला कोण, आणि चावी कोणाकडे. मुलं गल्फात नाहीतर कॅनडात आणि घरात दोघं म्हातारे, अशी घरं कुठल्या आळीत नाहीत? चावीचा रकाना नसेल तर मदतीला आलेली पोरं गुडघाभर पाण्यात कडीशी झटापट करत बसतात.

डायलिसिसवाल्याला आठवड्यातून दोन-तीनदा जावंच लागतं, म्हणून इशारा आला की पहिला हलवायचा तो. पाच लिटरचं ऑक्सिजन यंत्र साडेतीनशे वॅटच्या आसपास खातं. १५० अँपिअर-अवरच्या एका बॅटरीवर ते फार तर तीन-साडेतीन तास चालेल, जुन्या बॅटरीवर दोनही नाही. चर्चचा जनरेटर खरा लागतो तो इथे, हॉलच्या पंख्यांसाठी नाही.

खाडीपलीकडचा:

असहमत. यादी चांगलीच आहे, पण कोणाची? पहिल्या शुक्रवारच्या वहीत नाव असलेल्या माणसाचं घर बहुधा दोन हात जोत्यावर असतं, वर मजला असतो, शेजारी चुलतभाऊ असतो. जुलै २०१८ आठवा. नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, लोकल थांबल्या, वसईची मिठागरातली वस्ती पाण्याने वेढली गेली, कित्येक ठिकाणी पाणी काही दिवस हटलं नाही. तेव्हा निवारा हवा होता तो मिठागरातल्या मजुराला, चाळीच्या तळमजल्यावर भाड्याने राहणाऱ्याला. ही माणसं चर्चच्या कुठल्याच वहीत नाहीत. "आधी यादी" म्हणजे व्यवहारात "आधी आपली माणसं" असंच होतं.

तुमचे आकडे बरोबर आहेत, त्यातून काढलेला अर्थ चुकीचा. साठ माणसं मावतात ना? मग साठांची सोय नीट करा. शाळेचे वरच्या मजल्यावरचे वर्ग धरा, म्हणजे बायका-मुलांना वेगळी खोली मिळेल आणि वरचे संडास वापरता येतील. हाताने चालणारा पंप बसवा. सेप्टिक टँक मे महिन्यातच उपसून घ्या. भरलेला टँक पहिल्याच दिवशी दगा देतो.

कलम_वाचा:

दोघांनाही एक आठवण. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चं कलम ६१ सांगतं की मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश, धर्म यांवरून भेदभाव करायचा नाही. आणि कलम ६५ प्रमाणे प्रशासन गरज पडली तर जागा, वाहनं, साधनं ताब्यात घेऊ शकतं. म्हणजे हॉल द्यायचा की नाही हा निर्णय तुमच्याच हातात राहील या भ्रमात राहू नका. तहसीलदार कचेरीत आणि महापालिकेच्या आपत्ती कक्षात आत्ताच एक पत्र द्या: जागा कुठे, माणसं किती (साठच लिहा, चारशे नको), संडास किती, जनरेटर आहे का, रात्री कुलूप कोण उघडेल त्याचे दोन फोन नंबर. दोन, कारण एक लागत नाही.

पैशाबद्दल: परदेशातली वसईकर मंडळी लगेच "कुठे पाठवू?" विचारतात. परकीय नागरिकत्व घेतलेल्याचा पैसा हा परकीय देणगी धरला जातो आणि परकीय देणगी कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी नसलेल्या ट्रस्टला तो घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेल्या संस्थेलाही तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. भारतीय पासपोर्टवाल्याने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा वेगळा. हा फरक ऐन पुरात समजावत बसू नका, आधीच नोटीस बोर्डावर लावा.

आणखी एक. रांगेत उभ्या माणसाच्या हातात डाळ-तांदळाबरोबर प्रार्थनेचं पत्रक देऊ नका. हेतू कितीही शुद्ध असो, "मदतीच्या नावाखाली धर्मांतर" हा आरोप एका फोटोवर उभा राहतो आणि मग पुढच्या वर्षी वस्तीत पाऊल ठेवता येत नाही. मदत धार्मिक भूमिका पुढे रेटण्यासाठी वापरायची नाही, हे रेडक्रॉसच्या १९९४ च्या आचारसंहितेतही आहे.

टोपातली_खिचडी:

हॉल-यादी चालू द्या, स्वयंपाकाचं कोणी बोलतच नाही. दोनशे माणसांच्या एका वेळेला २० किलो तांदूळ, ८ ते १० किलो मूगडाळ, तीन लिटर तेल. एका टोपात दहा किलोच्या वर तांदूळ टाकू नका, खाली लागतो आणि वर कच्चा राहतो. दोन टोप, दोन शेगड्या, आणि व्यावसायिक सिलिंडर एक लावलेला, एक भरून बाजूला. मूगच घ्या, तूरडाळ शिजायला वेळ खाते. शिजलेलं दोन-तीन तासांत संपवा. सकाळची खिचडी झाकून संध्याकाळी वाढली की तिसऱ्या दिवशी हगवण लागते आणि लोक पुराच्या पाण्याला दोष देतात.

शिजवलेलं अन्न पहिले दोन दिवसच. नंतर चूल पेटलेल्या घराला कोरडा शिधा द्या. माणसाला आपल्या हाताचं खायचं असतं.

आणि जुने कपडे गोळा करणं बंद करा! २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर रस्त्याकडेला कपड्यांचे ढीग कुजत पडले होते. निवडायला माणसं अडकतात, ओले कपडे बुरशी धरतात, साडी नेसणाऱ्या बाईच्या वाट्याला पार्टीचा फ्रॉक येतो. नवे टॉवेल, आतले कपडे, सॅनिटरी पॅड, चादरी, एवढंच घ्या.

माडाची_झावळी:

@खाडीपलीकडचा, वहीचा मुद्दा मान्य. आळीच्या यादीत भाडेकरू आणि शेजारची वस्तीही धरू, धर्म न विचारता. पण शाळेच्या वर्गांनी प्रश्न पुढे ढकलला जातो. पूर ओसरल्यावर दोन दिवसांत शाळा सुरू करायचा दबाव येतो, आणि तेव्हाच चाळीतल्या माणसाच्या घरात चिखल असतो. त्या माणसाला वर्गातून बाहेर कोण काढणार, फादर की मुख्याध्यापक? ते आधी लिहून ठेवा.

"चर्च आहे, सुरक्षितच असणार" हेही डोक्यातून काढा. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर वेळांकणीच्या यात्रेला वसईकर दरवर्षी जातात. २६ डिसेंबर २००४ ला तिथल्या बॅसिलिकात (मोठ्या चर्चमध्ये) त्सुनामीची लाट शिरली नाही, पण किनाऱ्यावर असलेल्या यात्रेकरूंचा बळी गेला. जोतं किती उंच आणि रस्ता कुठून, एवढंच महत्त्वाचं. हॉल कोरडा आणि तिकडे जाणारी गल्ली छातीभर पाण्यात, असं असेल तर तो निवारा नव्हे.

टीसीएल:

पाणी उतरल्यावरचं काम इथे कोणीच लिहिलं नाही, आणि वाड्यांत माणसं आजारी पडतात ती तेव्हा. विहीर तीन मीटर व्यासाची, पाणी चार मीटर असेल तर ३.१४ × १.५ × १.५ × ४, म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, पुरानंतर दुप्पट: १४० ग्रॅम. पावडर थेट विहिरीत फेकायची नाही. एका बादलीला १०० ग्रॅमच्या आत पावडर घ्या, आधी लगदा करा, पाऊण बादली पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती दोराने विहिरीत सोडा आणि वर-खाली हलवा. तासाभराने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची चाचणी. पिवळा रंग आला नाही तर पुन्हा डोस. दोन गोष्टी हमखास चुकतात: मागच्या वर्षीची उघडी पिशवी वापरतात, तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो, आणि पाणी गढूळ असतानाच टाकतात, मग क्लोरीन त्या गाळातच संपतो. आधी उपसा, मग पावडर.

चिखल काढणाऱ्या पोरांना गमबूट द्या. पाय चिरलेला असेल तर पाण्यात उतरवू नका. लेप्टोची (पुराच्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) गोळी डॉक्टरला विचारूनच, चर्चच्या टेबलावरून वाटू नका.

अवांतर: बावखलं (पावसाचं पाणी धरून ठेवणारी वाड्यांतली जुनी तळी) बुजवायला परवानगी मागणारे आणि पुरात हॉल मागणारे कधीकधी एकाच घरातले असतात.

कोळीवाड्याचं_वल्हं:

केरळात ऑगस्ट २०१८ ला किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी होड्या ट्रकवर चढवून आतल्या भागात नेल्या आणि हजारो लोक काढले. तसंच पाचूबंदर-अर्नाळ्याच्या आपल्या कोळीवाड्यांनीही करावं असं दरवेळी सुचवलं जातं. त्या होड्या हलक्या फायबरच्या होत्या. मोठी मासेमारी बोट आळीत शिरतच नाही, पंखा कुंपणात अडकतो. लहान होड्या कोणाकडे, ट्रक कोणाचा, चढवायला माणसं किती, हे मे महिन्यात ठरवा. लाइफ जॅकेट जितकी, तितकीच माणसं होडीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या ब्रह्मनाळला जास्त माणसं भरलेली बोट उलटली, हे विसरू नका.

उधाणाची भरती अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या आणि रात्री बाराच्या सुमारास असते. त्यात मुसळधार पाऊस आला तर ओहोटी लागेपर्यंत पाणी उतरायचं नाही. माणसं हलवायची ती सकाळी नऊच्या आत.

खाडीपलीकडचा:

हे नऊचं पटलं. मग इशारा द्यायला घंटा वापरायची का?

माडाची_झावळी:

वापरायची, पण मयताची, मिस्साची आणि इशाऱ्याची लय वेगळी ठरवून एका रविवारी वाजवून दाखवा, नाहीतर लोक "कोण गेलं?" विचारत बाहेर येतील. आणि घंटेला मोटर लावल्यापासून बऱ्याच मनोऱ्यांत दोर काढून टाकलाय. वीज गेली की घंटा मुकी. १२ मिलिमीटरचा नायलॉन दोर आणि वर जाऊन तो बांधेल असा एक माणूस, या रविवारी एवढंच करा. हॉलचं भांडण पुढच्या बैठकीत.